धाव: बैलगाडीच्या लोखंडी कड्यापासून सुपरकारच्या टायरपर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिहिलेला मजकूर. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवलीय, सांभाळून घ्या.

दोन गाड्यांची तुलना करणारे रील्स आपण सगळेच बघतो. शून्य ते शंभर किती सेकंदांत, टॉप स्पीड किती, हॉर्सपॉवर किती. त्या रीलमध्ये एक गोष्ट जवळजवळ कधीच नसते. ती गाडी कोणत्या टायरवर उभी होती? टायरचं वय काय होतं? हवा किती होती?

मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एक साधा नियम आहे: सिस्टिम किती फास्ट चालणार हे तिच्या सगळ्यात ताकदवान भागावर ठरत नाही, सगळ्यात कमजोर भागावर ठरतं. त्याला आम्ही बॉटलनेक म्हणतो. गाडीच्या इतिहासात हा बॉटलनेक बहुतेक वेळा टायर राहिलाय. इंजिनवाले पुढे पळाले, रस्तेवालेही पुढे गेले, आणि टायर मागून धापा टाकत आला. आपल्या खान्देशात आज पुन्हा तेच होतंय, फक्त यावेळी मागे राहिलाय तो टायर नाही, टायरबद्दलची आपली समज. आजचा एपिसोड त्याबद्दल.

आधी धाव होती

टायरला मराठीत शब्द काय? बरेच जण म्हणतील, शब्दच नाही, टायरच. पण आजोबांना विचारा. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जे लोखंडी कडं असतं त्याला धाव म्हणतात. इंग्रजीतला टायर हा शब्दसुद्धा रबर येण्याच्या कितीतरी आधी अशाच लोखंडी कड्यासाठी वापरला जायचा. म्हणजे धाव आणि टायर हे सख्खे भाऊ.

धाव बसवायची पद्धत भारी होती. सुतार चाक बनवणार: मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेर लाकडाचा घेर. मग लोहार धाव तापवून लाल करणार. लोखंड तापलं की प्रसरण पावतं, कडं मोठं होतं. ते चाकावर चढवायचं आणि वरून पाणी ओतायचं. कडं आकसतं आणि आख्खं चाक असं घट्ट आवळतं की सगळे सांधे बसतात. न खिळा, न गोंद. उष्णता आणि चाक यांचं नातं आपल्या लोहारांना पुस्तकाशिवाय माहीत होतं. हे नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धावेचा एक मोठा दोष होता. ती अरुंद आणि कडक. भरलेल्या गाडीचं सगळं वजन दोन बोटं रुंदीच्या लोखंडावर. खडी आणि मुरूम टाकून दाबलेला रस्ता ती सुरीसारखा कापायची. रस्ता झाला की गाड्यांनी त्यात चाकोऱ्या पाडल्याच म्हणून समजा.

आणि खान्देशात रस्ते महत्त्वाचे होते, कारण आपण चौकात बसलोय. धुळ्याच्या मुख्य बाजाराच्या रस्त्याला आजही आग्रा रोड म्हणतात. मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता धुळ्यातून जायचा. दुसरीकडे सुरतेहून जळगावमार्गे नागपूर, कोलकात्याकडे जाणारा रस्ता. जुन्या नंबरांनी सांगायचं तर एनएच ३ आणि एनएच ६. एशियन हायवेच्या नकाशावर एएच ४६ आणि एएच ४७ हे दोन मार्ग धुळ्यालाच भेटतात. बरं, या चौकातून बहुतेक दिशांना जायचं तर घाट आहेच. इंदूरकडे बिजासन, सुरतेकडे कोंडाईबारी, नाशिककडे निघालात तर शहराबाहेर लगेच लळिंग, आणि चाळीसगावहून वर चढायला कन्नडचा घाट. त्या घाटाचं दुसरं नाव औट्रम घाट, जेम्स आउट्रमवरून. हा ब्रिटिश अधिकारी १८२५ पासून खान्देशात भिल्ल पलटण उभी करत होता.

म्हणजे बघा: लांब सरळ पट्टा, मग एकदम घाट, वर मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा, आणि खाली काळी माती. टायरची परीक्षा घ्यायला यापेक्षा कडक पेपर कोणी काढू शकत नाही.

हवेवर बसलेली गाडी

१८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉयड डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेली रबरी नळी लावली. सायकल हलकी पळायला लागली. पुढे आपल्या देशात डनलॉप हे नाव इतकं रुजलं की रबरी टायरच्या बैलगाडीलाही कित्येक ठिकाणी डनलॉपच म्हणतात.

मोटारीवर हवेचा टायर आणला फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्यांनी अशी गाडी उतरवली. वाटेत पंक्चरवर पंक्चर, दिलेल्या वेळेत काही पोचले नाहीत. लोक हसले. पण चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, कामिय जेनात्झी या बेल्जियन ड्रायव्हरने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. १०० चा आकडा ओलांडणारी ती पहिली मोटार. ती गाडी मिशेलिनच्या हवेच्या टायरवर होती, आणि गंमत म्हणजे ती इलेक्ट्रिक होती. ईव्ही हे नवीन फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवा.

हवेचा टायर काम कसं करतो ते एकदा समजून घेऊ. समजा तुमची छोटी हॅचबॅक माणसांसकट १,२०० किलोची आहे. एका चाकावर ३०० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण सव्वादोन किलोचा दाब. ३०० भागिले सव्वादोन, उत्तर येतं १३३ चौरस सेंटिमीटर. तुमच्या हाताच्या पंजाएवढी जागा. ब्रेक, वळण, पिकअप, सगळं या चार पंजांवर चालतं. इंजिन ६० हॉर्सपॉवरचं असो की १,६०० चं, रस्त्याला टेकलेला भाग साधारण याच मापाचा. सुपरकारचा पंजा थोडा मोठा, एवढंच.

इंदूरची ड्यूसेनबर्ग

आता आपल्या रस्त्याच्या उत्तर टोकाला जाऊ. होळकरांचं इंदूर. मराठी राजघराणं, आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहापर्यंत खान्देशातही त्यांचा मुलूख होता. या घराण्यातले यशवंतराव होळकर दुसरे, जन्म १९०८, आधुनिक गोष्टींचे जबरदस्त शौकीन. एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून त्यांनी १९३० च्या दशकात माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, तो आजही डिझाइनच्या पुस्तकांत असतो.

आणि गाड्या! त्यांची सगळ्यात गाजलेली गाडी म्हणजे अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे. बॉडी बनवली लंडनच्या गर्नी नटिंगने. ६.९ लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन, वर सुपरचार्जर, कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या साध्या हॅचबॅकच्या साधारण चौपट. ती १९३५ च्या सुमाराची गाडी आहे, हे विसरू नका. जगातल्या सगळ्यात ताकदवान गाड्यांमध्ये तिची गणना व्हायची.

इंदूरहून मुंबईला मोटारीने जायचा सरळ मार्ग कोणता? सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. म्हणजे आपला आग्रा रोड. बैलगाड्यांच्या धावांनी कापलेला, खडी-मुरुमाचा. आणि बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्यांचे गळून पडलेले खिळे रस्त्यावर. त्या काळात पंक्चर ही वाटेत होणारच अशी गोष्ट मानली जायची, म्हणून मोठ्या गाड्यांना एक सोडून दोन दोन स्टेपन्या बाहेर लटकवलेल्या दिसतात. ती शान नव्हती, गरज होती.

पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. ३२० घोडे आणि दोन टनांच्या वर वजन ज्या टायरवर होतं तो टायर तंत्राच्या दृष्टीने साध्या टॅक्सीच्या टायरचाच नातेवाईक. क्रॉस-प्लाय. कारण दुसरा प्रकारच तेव्हा अस्तित्वात नव्हता. राजाकडे कितीही पैसा असू दे, बाजारात नसलेली गोष्ट विकत घेता येत नाही.

बाज आणि बैलगाडीचं चाक

क्रॉस-प्लाय म्हणजे काय? अंगणातली बाज आठवा. दोऱ्या तिरप्या, एकमेकींना छेदत विणलेल्या. जुन्या टायरच्या आत सुताचे थर असेच तिरपे, एकावर एक. बाजेवर बसलं की ती झोळते आणि दोऱ्या एकमेकींवर घासतात. टायरमध्येही तेच. प्रत्येक फेरीत थर एकमेकांवर घासणार आणि घासलं की तापणार. शिवाय बाजूची भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग एकाच विणीचा, त्यामुळे वळणावर भिंत वाकली की खालचा पंजाही रस्त्यावरून उचलला जाणार.

१९४६ मध्ये मिशेलिनने नव्या रचनेचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये एक्स नावाने ते टायर विकायला काढलं. हाच रेडियल. यात दोरे तिरपे नसतात. ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात. बाजूने पाहिलं तर केंद्राकडून बाहेर निघाल्यासारखे, अगदी बैलगाडीच्या आऱ्यांसारखे. आणि त्यांच्यावर, ट्रेडच्या खाली, सगळ्या घेराला आवळणारा पोलादी तारांचा पट्टा. विचार करा: आरे, आणि आऱ्यांवर लोखंडाचं कडं. धाव परत आली! फक्त ती आता रबराच्या पोटात आहे.

त्यामुळे दोन कामं वेगळी झाली. भिंत मऊ राहून खड्डा पचवते, पट्टा ताठ राहून पंजा रस्त्यावर सपाट ठेवतो. घर्षण कमी, तापणं कमी, आयुष्य जास्त, वळणावर पकड जास्त. १९५५ ची सिट्रोएन डीएस रेडियलवरच आली. पुढे १९७० च्या दशकात पिरेलीने पी-७ हा रुंद आणि बुटक्या भिंतीचा रेडियल काढला, तो पोर्शे ९११ टर्बोवर बसला, आणि स्पोर्ट्सकारचा आज ओळखीचा झालेला चेहरा तयार झाला: मोठी रिम, वर रबराची पातळ पट्टी.

आपल्याकडे तेव्हा काय चालू होतं? कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीत फियाट बनत होती, तिचीच पुढे पद्मिनी झाली. चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवर आणि क्रॉस-प्लाय टायर. त्या वेगाला ते पुरत होते. भारतात जेके टायरने १९७७ मध्ये रेडियल आणला, पण तो सगळ्या गाड्यांखाली पोचायला १९९० चं दशक उजाडलं. ट्रक आणि बसचं तर त्याहून उशिरा, २००० नंतर. रावेर-यावलची केळी दिल्लीला पोचवणारे ट्रक कित्येक वर्षं क्रॉस-प्लायवर आणि रबर चढवलेल्या रिमोल्ड टायरवर धावले. हायवेच्या कडेला टायरची सालपटं पडलेली असायची, आठवतात ना? ती याच तापण्याची खूण.

आपल्याकडची स्पोर्ट्सकार

१९९० च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची गाडी बनायला लागली. दोन सीट, उघडं छप्पर, फायबरची बॉडी. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. दिसायला स्पोर्ट्सकार, ताकद फॅमिली कारची. फार विकली गेली नाही, पण देशात कोणीतरी प्रयत्न केला. २००४ च्या सुमारास स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली. स्कोडाचा कारखाना आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. ज्यांनी ती चालवली ते अजून तिच्या गोष्टी सांगतात. मग २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची डीसी अवंती, २५० हॉर्सपॉवरच्या घोषणेसह.

साधारण पंधरा वर्षांत ६० वरून २५० वर. आणि आज एसयूव्ही आणि ईव्हीत तेवढी ताकद आपल्या शोरूममध्ये मिळते. म्हणून आता टायरवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

समजा टायरवर लिहिलंय १८५/६५ आर १५ ८८ एच. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचे इंच. ८८ हा वजनाचा कोड, एका टायरला ५६० किलो. आणि शेवटचं अक्षर वेगाचं. टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. सगळे ताशी किलोमीटर, आणि टायर नवा, हवा बरोबर, वजन मर्यादेत असेल तर.

आता तुलना करू. नव्या ९९२ पिढीची पोर्शे ९११ करेरा: मागे २९५/३५ आर २०, पुढे २३५/४० आर १९. पुढच्या टायरची भिंत किती? ९४ मिलिमीटर. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलचा टायर वर सांगितला त्याच मापाचा, भिंत १२०. म्हणजे ताशी २९० पळणाऱ्या गाडीकडे खड्डा पचवायला स्विफ्टपेक्षा कमी रबर आहे. जर्मनीच्या गुळगुळीत रस्त्यावर ही कमी उंची वरदान. स्टिअरिंग वळवलं की गाडी तत्काळ वळते, कारण मध्ये झोळणारं काही नाही. पण आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-चार पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. तिथे पातळ भिंतीचा टायर खड्ड्यात आपटला की रिमची कड आणि रस्ता यांच्यात तो चिमटला जातो. आतले दोरे तुटतात, आणि काही दिवसांनी भिंतीवर फुगा येतो. तो फुगा म्हणजे नोटीस.

म्हणून स्विफ्टला १७ इंची अलॉय आणि पातळ टायर लावून जळगावात फिरवणारे मित्र दिसले की मला ९११ आठवत नाही, पंक्चरवाल्याची वही आठवते.

टायरच्या रबरातही फरक असतो. साधारण तीन गट करा. पहिला, रोजच्या वापराचा टूरिंग टायर: टणक रबर, खोल नक्षी, ५०-६० हजार किलोमीटरची अपेक्षा. दुसरा, रस्त्यावरचा परफॉर्मन्स टायर: मऊ रबर, ओल्यातही चांगली पकड, पण लवकर झिजणार आणि महाग. तिसरा, ट्रॅकसाठीचा: नक्षी जवळजवळ नाही, गरम झाल्यावरच चिकटतो. कोरड्या ट्रॅकवर हा तिसरा राजा आहे, आणि जुलैत कोंडाईबारी घाटात तोच सगळ्यात धोकादायक. नक्षीचं काम शोभा नाही, पाणी बाहेर फेकणं आहे. रस्त्यासाठी टायर निवडताना सगळ्यात जास्त पकड कुठे मिळते हे विचारू नका. सगळ्यात वाईट दिवशी किती पकड शिल्लक राहते ते विचारा.

१२० चा रस्ता

आता रस्त्याची बाजू. जून २०२२ मध्ये आपल्याच एनएच ५३ वर, अमरावती ते अकोला पट्ट्यात, ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याच हायवेचा आपला फागणे-तरसोद टप्पा मात्र वर्षानुवर्षं रखडला, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला. तो खान्देशातून जात नाही, पण जळगावहून नागपूर-मुंबईला जाणारे आपण बरेच जण त्यावर चढतो. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२०.

१२० वर टायरचं काय होतं? मघाचा १५ इंची टायर सेकंदाला १७ फेऱ्या मारतो. ट्रेडचा १० ग्रॅमचा तुकडा घ्या. त्या वेगाला तो साडेतीन किलोच्या जोराने बाहेर निसटू बघतो. वेग दुप्पट केला की हा जोर चौपट. ऑगस्ट २०१९ मध्ये बुगाटी शिरॉनने जर्मनीत ताशी ४९० किलोमीटर गाठले. तिथे त्याच १० ग्रॅमच्या तुकड्यावर ५० किलोच्या वर ओढ. त्या धावेसाठी मिशेलिनने खास मजबूत केलेले टायर दिले आणि वापरण्याआधी त्यांचे एक्स-रे काढले. १,६०० हॉर्सपॉवरच्या गाडीतही शेवटची चिंता टायरचीच.

आणि आता लोहाराकडे परत या. उष्णता. टायर फिरताना खालचा भाग दबतो, वर गेला की सुटतो. सेकंदाला १७ वेळा. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता बनून रबरातच राहते. टायर जितका जास्त दबेल तितका जास्त तापेल. आणि जास्त कधी दबेल? हवा कमी असेल तेव्हा.

इथे आपल्याकडचा सगळ्यात घातक गैरसमज. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवायची! लॉजिक वरवर पटतं: गरमीने हवा फुगते, मग आधीच कमी भरा. हिशेब करून बघा. सकाळी २७ अंशांना ३२ पीएसआय भरली आणि टायर ६५ अंशांपर्यंत तापला, तर दाब ३८ च्या आसपास जातो. कंपनीने हे धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. पण तुम्ही २४ च भरली तर भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकणार, आतून तापत जाणार, पोलादी पट्टा आणि रबर यांची पकड सुटणार, आणि दोन तासांनी सरळ रस्त्यावर, काहीही आपटलेलं नसताना, टायर फुटणार. सगळे म्हणणार गरमीने हवा जास्त झाली. खरं कारण बहुतेक वेळा उलटं.

पावसातही तसंच. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानाच्या टायरवर अभ्यास केला: साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो? उत्तर हवेच्या दाबाशी बांधलेलं निघालं. त्या सूत्रात ३२ पीएसआय टाकलं तर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास, २४ टाकलं तर ८२. टायर गोटा झालेला असेल तर पाणी जायला वाटच नाही, मग हा धोका खराच. कायद्याने कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, ट्रेड झिजून त्यांच्या पातळीला आला की टायर संपला. ब्लेडने नव्या खाचा कापून विकलेला टायर नवा होत नाही, उलट पट्ट्यावरचं उरलेलं रबरही जातं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडणं सोपं असतं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटून २५ जण गेले. सुरुवातीला टायर फुटला असं सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. झोप, दारू, वेग, चुकीची ओव्हरटेक हीसुद्धा कारणं आहेत. टायर हे त्यातलं एक, पण ते आपल्याला घरून निघण्याआधी पाच मिनिटांत तपासता येतं.

मग करायचं काय

टायरच्या भिंतीवर चार आकडे शोधा. २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. आपल्या उन्हात रबर लवकर म्हातारं होतं, नक्षी शिल्लक असली तरी. पाच-सहा वर्षांच्या वर असेल तर दरवर्षी जाणकाराला दाखवा, आणि लांबच्या हायवेवर नेऊ नका. स्टेपनीचेही आकडे बघा, तिला सगळेच विसरतात.

हवा सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी. पाच माणसं आणि लग्नाचं सामान असेल तर त्याच स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा. वेगाचं अक्षर आणि वजनाचा कोड कंपनीने दिलाय त्यापेक्षा कमी घेऊ नका. बजेट कमी असेल तर अलॉय सोडा, टायर चांगला घ्या. आणि स्क्रीनवर कुठलीही दोन गाड्यांची तुलना दिसली की कमेंटमध्ये एवढंच विचारा: टायर कोणता होता, भाऊ?

इंदूरच्या महाराजांना त्या काळी चांगला टायर मिळू शकत नव्हता, कारण तो बनलाच नव्हता. आपल्याला तो जळगावच्या कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतो. तेव्हा आज ऐकून झालं की खाली पार्किंगमध्ये जा, ते चार आकडे वाचा, आणि घरच्या गाडीचे काय निघाले ते आम्हाला मेसेजमध्ये कळवा. बाबांच्या गाडीचे आधी बघा.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोपर्यंत सांभाळून चालवा. राम राम!